संजीवनाचा अभ्यासवर्ग: कोण उठलं आणि कुठे गेलं?

नागपूरच्या सदरमधल्या एका ख्रिस्ती मंडळीनं, म्हणजे चर्चनं, यंदाच्या उन्हाळ्यात संजीवन (मंडळीत विश्वास नव्यानं जागा होणं, इंग्रजीत रिव्हायव्हल) आणि मिशनकार्य या विषयावर शनिवार संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेतला. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. आमच्या हॉस्पिटलमधल्या दोघी-तिघी, मोहननगरातली काही तरुण मुलं आणि माझ्या जाऊबाईसुद्धा विचारत आहेत की जावं का. जावं, असंच मी सांगेन. का जावं आणि हा वर्ग कुठे कमी पडतो, दोन्ही मोकळेपणानं लिहिते.

मी स्टाफ नर्स आहे. मंडळीत जन्मले, शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या बायबल शिकवणाऱ्या शाळेत, वाढले. आजी वर्ध्याकडच्या खेड्यांतून बायबल बाई म्हणून, बायांना घरोघर बायबल वाचून दाखवत फिरायची. संजीवन सभा मी लहानपणापासून पाहत आले आहे. मांडव, कर्णे, बाहेरगावचे वक्ते आणि शेवटच्या रात्री पुढे येऊन गुडघे टेकणारी माणसं. त्यांत मीही असायची. सोमवारी मात्र सगळे आपापल्या ड्युटीवर. त्या रात्री जे पुढे आले त्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. मंडळीच्या फळ्यावर या वर्गाची सूचना लागली तेव्हा खाली एक ओळ होती: ‘प्रत्येक संजीवनानंतर कोण उठलं आणि कुठे गेलं?’ ती वाचून मी नाव दिलं.

फी चारशे रुपये. त्यात छापील पुस्तिका, चहा, शेवटच्या दिवशी टाकळघाटची सहल आणि वाटेत तर्री पोहे. वेळ संध्याकाळी सहा ते आठ. शिकवणारे दोघे: एक निवृत्त पाळकसाहेब (पास्टर) आणि शाळेत इतिहास शिकवलेल्या एक बाई. सगळं मराठीत. वर्गात सगळे ख्रिस्ती नव्हते. इतिहासाची एक विद्यार्थिनी होती, एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांना कोणी वेगळं वागवलं नाही, कोणी त्यांच्या हातात पत्रकं कोंबली नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण बरेच जण याच भीतीनं येत नाहीत.

पहिलीच संध्याकाळ हेर्नहूटची. जर्मनीतल्या सॅक्सनीतलं हे गाव. मोराव्हियातून छळामुळे पळून आलेली माणसं इथे काउंट झिन्झेंडॉर्फच्या जमिनीवर राहिली होती. पाळकसाहेबांनी सुरुवात केली ती त्यांच्या भांडणांपासून. ही माणसं विश्वासासाठी घरदार सोडून आली होती आणि इथे येऊन एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. उपासना कशी करायची यावरून तट पडले होते. १७२७च्या मे महिन्यात झिन्झेंडॉर्फनं सगळ्यांकडून एकत्र राहण्याच्या करारावर सह्या घेतल्या, आणि १३ ऑगस्टला प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) वेळी ते घडलं ज्याला आपण संजीवन म्हणतो. माणसं रडली, एकमेकांची क्षमा मागितली. त्याच महिनाअखेरीस चोवीस पुरुष आणि चोवीस बायकांनी दिवसरात्रीचे तास वाटून घेतले. प्रार्थनेची ती साखळी शंभर वर्षांहून जास्त चालली.

इथे पाळकसाहेबांनी फळ्यावर चोवीस घरांचं मोठं घड्याळ काढलं आणि आम्हाला आपापला तास लिहायला सांगितला. सकाळी सहा आणि रात्री नऊ लगेच भरले. पहाटेचे रकाने रिकामे. मी रात्रीचे तीन घेतले, कारण नाइट ड्युटीला त्या वेळी मी वॉर्डात जागीच असते, सलाईन बदलत. बघता बघता फळ्यावर आमच्या ड्युटी चार्टसारखा तक्ता उभा राहिला. मग बाईंनी विचारलं, "आता यातून वेस्ट इंडिजला कोण जाणार?"

कारण हेर्नहूटमधूनच पुढे तिकडे जाणं झालं. पण लगेच झालं नाही, आणि या वर्गानं मधला काळ गाळला नाही याचं मला फार मोल वाटतं. १७३१ मध्ये झिन्झेंडॉर्फ डेन्मार्कच्या राजाच्या राज्याभिषेकाला कोपनहेगनला गेला. तिथे त्याला वेस्ट इंडिजमधल्या सेंट थॉमस बेटावरून आणलेला अँटन नावाचा कृष्णवर्णीय गुलाम भेटला. तिकडे माझी बहीण आहे, तिला देवाबद्दल ऐकायचंय, सांगणारं कोणी नाही, असं त्यानं सांगितलं. ही गोष्ट हेर्नहूटला पोचली आणि लिओनार्ड डोबर या कुंभारकाम करणाऱ्या तरुणाची झोप उडाली. मंडळीनं त्याला लगेच पाठवलं नाही. वर्षभर थांबवलं. शेवटी २१ ऑगस्ट १७३२ रोजी डोबर आणि सुतार डेव्हिड निट्शमन पायी निघाले. खिशात जेमतेम काही नाणी. झिन्झेंडॉर्फ १७६० मध्ये वारला तोवर त्या छोट्याशा समाजातून दोनशेहून अधिक माणसं जगभर गेली होती.

सभांमधून आपण नेहमी ऐकतो की या दोघांनी स्वतःला गुलाम म्हणून विकून घेतलं. पाळकसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, तसं घडलं नाही. त्यांची तयारी होती, पण तशी वेळ आली नाही. निट्शमननं तिथे सुतारकाम करून दोघांचं पोट भरलं. माझ्या शेजारच्या काकांचा चेहरा उतरला, ते स्वतः वर्षानुवर्षं साक्षीत ती गोष्ट सांगत आले होते. मला मात्र सुताराची गोष्ट जास्त भावली. रोज करवत चालवून जो माणूस टिकला, त्याची साक्ष मला पुरेशी आहे.

विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याची संध्याकाळ थोडी घाईची झाली. १७४७ मध्ये अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्सनं सगळ्या मंडळ्यांनी मिळून संजीवनासाठी प्रार्थना करावी म्हणून पुस्तिका लिहिली. ती इंग्लंडच्या नॉर्थँप्टनशायरमधल्या बॅप्टिस्ट पंथाच्या पाळकांच्या हाती पडली आणि १७८४ पासून त्यांनी महिन्यातून एकदा प्रार्थनेला जमायचं ठरवलं. आठ वर्षांनी, २ ऑक्टोबर १७९२ रोजी, त्याच वर्तुळातल्या माणसांनी केटरिंगमध्ये मिशनरी सोसायटी स्थापन केली. वर्गणी जमली तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. चांभारकाम करत शिकलेला विल्यम केरी पुढच्याच वर्षी कोलकात्याला उतरला आणि १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापून मोकळा झाला. हे सगळं एका तासात गुंडाळलं. केरीचं मराठीसाठीचं काम एवढं मोठं असताना त्याला एक पूर्ण संध्याकाळ हवी होती.

गवताच्या गंजीची संध्याकाळ मात्र मी विसरणार नाही. १८०६चा ऑगस्ट, मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स कॉलेज. तिकडे त्या काळात मंडळ्यामंडळ्यांतून जागृतीची लाट होती आणि कॉलेजातली काही मुलं शेतात प्रार्थनेला जमायची. एके दिवशी वादळी पाऊस आला, पाच जण गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि तिथेच आशियात सुवार्ता (येशूचा संदेश) नेण्याबद्दल बोलले, प्रार्थना केली. सॅम्युएल मिल्स त्यांतला एक. चार वर्षांत अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था उभी राहिली. १८१२ मध्ये पहिली माणसं जहाजावर चढली आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले. कंपनी सरकारनं त्यांना परत जायला फर्मावलं. त्यांनी गव्हर्नरला अर्जावर अर्ज लिहिले आणि पाय रोवून राहिले. हॉल १८२६ मध्ये कॉलऱ्यानं गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी.

बाईंनी इथून धागा पुढे ओढला. त्याच अमेरिकन बोर्डाच्या मराठी मिशननं १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं, आणि कवी नारायण वामन टिळकांची पुढची बरीचशी सेवा याच मिशनच्या अंगणात झाली. टिळकांच्या आयुष्यातलं वळण तर आपल्या नागपूरच्या रुळांवरचं. ते इथे आप्पासाहेब बुटींकडे काम करत. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाशी बोलणं झालं, त्यानं बायबलमधल्या नव्या कराराची प्रत हातात दिली, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांचा मुंबईला बाप्तिस्मा झाला. बाईंनी हे सांगून आमच्याकडे पाहिलं आणि टिळकांचं एक भजन सुरू केलं. पेटी नव्हती, टाळ नव्हते. सगळ्यांना पाठ होतं. रविवारी जे गातो ते परदेशातल्या पावसात भिजलेल्या पाच पोरांच्या प्रार्थनेला असं जोडलेलं आहे, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. टिळकांनी मिशनऱ्यांकडून सुवार्ता घेतली, पण सांगायला ओवी, अभंग, कीर्तन घेतलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र भक्तसमुदाय सुरू केला, तेही बाईंनी झाकून ठेवलं नाही.

मग स्कॉटलंड आणि नागपूर. हा भाग ऐकायलाच इतिहासाची ती विद्यार्थिनी आली होती. हिस्लॉप कॉलेजचं नाव नागपुरात सगळ्यांच्या तोंडी आहे. पण हिस्लॉप इथे का आला, हे आमच्यापैकी तिघा-चौघांनाच ठाऊक होतं. १८३९च्या जुलैमध्ये किलसिथ गावात विल्यम बर्न्स या चोविशीतल्या उपदेशकाच्या बोलण्यानं मंडळी हेलावली. दिवसचे दिवस सभा चालल्या, डंडीपर्यंत तेच लोण गेलं. चार वर्षांनी, १८ मे १८४३ रोजी एडिनबरामध्ये साडेचारशेच्या आसपास पाळक स्कॉटलंडच्या सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले. पाळक कोण हे मंडळीनं ठरवावं, जमीनदारानं नाही, हे त्यामागचं मुख्य कारण. देवळं गेली, घरं गेली, पगार गेले. अशा वेळी कोणीही म्हणेल, आधी आपलं छप्पर घालू. पण त्यांच्या फ्री चर्चनं भारतातलं आधीचं काम तर सोडलं नाहीच, उलट नागपूरला नवीन मिशन सुरू केलं, आणि १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप इथे पोचला.

"अन् पैसे कुठून आले बा यांच्यापाशी?" मागून एका काकांनी विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, बरोबर विचारलंत. मद्रास फलटणीतले विल्यम हिल नावाचे अधिकारी, त्यांनी या भागात मिशन व्हावं म्हणून स्वतःचे पैसे देऊ केले होते. बाकी स्कॉटलंडच्या मंडळ्यांतल्या साध्या माणसांच्या वर्गण्या. पैशाचा प्रश्न प्रत्येक संध्याकाळी निघाला आणि एकदाही टाळला गेला नाही. केरीचे तेरा पौंड, डोबरची नाणी, हिल यांची देणगी, सगळं समोर मांडलं. आपल्याकडे सभेत पैशाचा विषय निघतो तो फक्त अर्पणाच्या वेळी. म्हणून मला हे विशेष वाटलं.

सहल टाकळघाटची होती, बुटीबोरीकडे. उन्हाचे दिवस, म्हणून सकाळी लवकर निघालो. तिथे जमिनीत अर्धे गाडलेले दगड गोल मांडलेले आहेत. लोहयुगातली ही शिलावर्तुळं, १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठानं इथे उत्खनन केलं. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, सप्टेंबर १८६३ मध्ये, हिस्लॉप आणि मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल ही वर्तुळं पाहायला आले होते. हिस्लॉप मिशनरी होता तसाच दगडांचा अभ्यासक होता. नागपूरच्या भूगर्भावर त्यानं आणि सहकारी रॉबर्ट हंटरनं लिहिलं, हिस्लोपाइट नावाचं खनिज त्याच्या नावावरून ओळखलं जातं. गोंडांमध्ये फिरून त्यानं त्यांचे शब्द, त्यांच्या लिंगो या देवपुरुषाची गाथा लिहून घेतली. त्याच्या मागे १८६६ मध्ये टेंपलनं ते कागद छापले. ४ सप्टेंबरला टाकळघाटहून परतताना तो पुरानं भरलेल्या नाल्यात वाहून गेला. शेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते.

आम्ही गेलो तेव्हा सगळीकडे कोरडं ठाक होतं. बाईंनी दगडांपाशी उभं करून काही वाचून दाखवलं नाही, प्रार्थना सांगितली नाही. त्यांनी त्या विद्यार्थिनीला पुढे बोलावलं आणि शिलावर्तुळांबद्दल तिला जे ठाऊक होतं ते सांगायला लावलं. ती चांगलं बोलली. एका दगडाला हात लावून तिनं दाखवलं की मधली भर आणि कडेचे दगड यांची रचना कशी असते, आत मृतांबरोबर लोखंडाच्या वस्तू कशा ठेवायचे. हिस्लॉप हेच पाहायला इथे आला होता. संजीवनाच्या हाकेवर घर सोडलेला माणूस गोंडांची गाणी आणि जमिनीतले दगड इतक्या मनापासून का पाहत होता, यावर परतीच्या बसमध्ये बराच वाद झाला. काकांचं म्हणणं, तो वेळ सुवार्तेला द्यायला हवा होता. मला ते पटलं नाही. ज्यांच्यात आयुष्य काढायचं त्यांचं बोलणं, त्यांच्या गोष्टी, त्यांच्या पायाखालची माती ज्याला नकोशी आहे, त्यानं तिथे जाऊच नये. पेशंटच्या अंगाला हात न लावता औषध लिहून देणारे आम्ही रोज पाहतो.

आणि मुक्तीची, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनची संध्याकाळ. ही एकच संध्याकाळ असती तरी चारशे रुपये दिले असते. केडगावच्या पंडिता रमाबाई आपल्याला विधवांच्या कैवारी म्हणून ठाऊक आहेत, मराठी बायबल भाषांतरकार म्हणून ठाऊक आहेत. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून केडगावला घेऊन गेल्या. आपल्याच मुलखाचा तो दुष्काळ. त्या मुली तिथे वाढल्या, शिकल्या. १९०४-०५ मध्ये वेल्समधलं संजीवन गाजत होतं, ईशान्येकडच्या खासी टेकड्यांतल्या वेल्श मिशनच्या मंडळ्यांतही तेच सुरू झालं होतं. १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेला या म्हणून विचारलं. सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या.

पुढचा भाग बाईंनी फळ्यावर तारखांच्या क्रमानं लिहिला, आणि तो क्रम पाहून मी पेन खाली ठेवलं. २९ जूनला मुक्तीत संजीवनाची आग पेटली, असं सगळे सांगतात. पण त्याच्या काही आठवडे आधी रमाबाईंनी मुलींना एक वेगळंच विचारलं होतं: शिक्षण बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीस जणींनी नावं दिली. या तीस जणी जायची शक्ती मिळावी म्हणून रोज प्रार्थना करत होत्या, आणि त्या दिवसांतच ते घडलं. म्हणजे आधी नावं दिली गेली, मग अग्नी आला. मी आजवर उलटं समजत होते, बहुतेक सगळे तसंच समजतात: आधी संजीवन येतं, मग कोणीतरी मिशनकार्याला उठतं. ते खोटं नाही. हेर्नहूटमध्ये तसंच झालं, गंजीच्या आडोशालाही तसंच. पण मुक्तीत जायचं ठरवलेल्या मुलींना संजीवन मिळालं. किलसिथच्या बर्न्सचंही हेच. तो सभा घेण्याआधीपासून परदेशी मिशनकार्याला जायला तयार बसला होता, आणि १८४७ मध्ये तो चीनला गेलाच. संजीवन मिशनकार्याला उठवतं, आणि जायला निघालेल्या माणसांना संजीवन गाठतं. हे दोन्ही बाजूंनी चालतं, हे मला या वर्गात पहिल्यांदा नीट समजलं.

त्या मुली टोळ्यांनी खेडोपाडी गेल्या. मिनी अब्राम्स या मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन बाईंनी जे पाहिलं ते १९०६ मध्ये पुस्तिकेत लिहिलं. ती पुस्तिका चिलीतल्या वालपराइसो शहरात त्यांच्या मैत्रिणीला, मे हूव्हर यांना पोचली आणि १९०९ मध्ये तिकडच्या मेथडिस्ट मंडळीत मोठं संजीवन झालं. चिलीतल्या पेंटेकोस्टल मंडळ्या तिथून वाढल्या. पुणे जिल्ह्यातल्या गावात दुष्काळग्रस्त पोरींनी प्रार्थना केली आणि तिचा पडसाद दक्षिण अमेरिकेत उमटला. आपल्या तरुण संघाला हे शिकवायलाच हवं. आमच्या मुलांना बाहेरच्या वक्त्यांची नावं पाठ आहेत आणि केडगाव माहीत नाही.

विद्यार्थी चळवळीची संध्याकाळ ठीकठाक. १८८६ मध्ये अमेरिकन उपदेशक मूडीच्या माउंट हर्मनमधल्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी मिशनकार्याला जायची तयारी दाखवली. त्यांना पेटवणारा रॉबर्ट वाइल्डर जन्मानं कोल्हापूरचा, मिशनरी आईबापांचा मुलगा. त्या शंभरांतला जॉन मॉट पुढे १९१०च्या एडिनबराच्या जागतिक मिशनरी परिषदेचा अध्यक्ष झाला. त्याच परिषदेत दक्षिण भारतातल्या आपल्या पाळक व्ही. एस. अझरायांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही दानधर्म केलात, देह झिजवलेत, आता आम्हाला मित्र द्या. अझराया त्याआधीच, १९०५ मध्ये, भारतीयांनी भारतीय पैशावर चालवायच्या मिशनरी संस्थेच्या स्थापनेत होते. आणि मॉटच्या भारतभेटीतून १९१४ मध्ये मिशनांची जी राष्ट्रीय परिषद उभी राहिली, तिचं आजचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. त्या फाटकासमोरून मी ऑटोनं रोज जाते. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, हेही इथेच सांगितलं. नागपूरकरांसाठी इतकं काही आहे, पण बोलण्यात जीव कमी होता. त्या दिवशी लाइट जाऊन येत होती, त्याचाही परिणाम असेल.

आता उणिवा. पहिली आणि सगळ्यात मोठी: नियोगी समिती. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं, म्हणजे राजधानी नागपूर असतानाच, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ मध्ये अहवाल आला. केवळ धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य उद्देश आहे अशा मिशनऱ्यांनी परत जावं, अशी त्यात शिफारस होती. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या सोहळ्यात, नियोगींनी स्वतः बौद्ध धम्म स्वीकारला. हे सगळं आपल्या शहरात घडलेलं आहे. मिशनकार्य म्हटलं की माझ्या वॉर्डातल्या सहकारी, माझे शेजारी जे प्रश्न विचारतात त्यांची मुळं बरीचशी त्या अहवालात आहेत. वर्गात त्याचा उल्लेखही झाला नाही. बँकवाल्या काकांनी विचारलं तेव्हा वेळ संपली म्हणून विषय पुढे ढकलला. मला हे अजिबात आवडलं नाही. आपल्याविरुद्ध काय म्हटलं गेलं, त्यातलं काय खरं, काय अन्यायाचं, हे आपण आपल्याच घरात बसून वाचणार नसू तर मुलं ते मोबाइलवर वाचतील, तेही अर्धवट.

दुसरी उणीव बायबल बायांची. हिस्लॉप, हॉल, टिळक यांना तासन्‌तास मिळाले. पण डोक्यावर पदर, काखेत पिशवी, घराघरांतल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचणाऱ्या या बायांना पुस्तिकेत एकच परिच्छेद आहे. परक्या पुरुषाला ज्या ओसरीवर पाय ठेवता येत नव्हता, तिथे त्या बसून वाचून दाखवत, लिहायला शिकवत, बाळंतिणीला काय द्यावं ते सांगत. मिशनचं बायांमधलं काम त्यांच्याच पायांवर चाललं. मी आजीबद्दल चार वाक्यं सांगितली तर वर्गातल्या आणखी तीन बाया बोलायला लागल्या, प्रत्येकीच्या घरात अशी कोणीतरी होतीच. तो विषय रंगत असताना चहाची वेळ झाली.

बारीकसारीक: पुस्तिकेची छपाई फिकट आहे, वयस्कर माणसांना वाचता येत नाही. कूलर मोठा आहे पण त्याच्या आवाजात मागच्या ओळींना ऐकू येत नाही, पुढे बसा. गाडी लावायला जागा कमी, मेट्रोनं कस्तुरचंद पार्कला उतरून ऑटो केलेला बरा. चहा उत्तम. पोरं लहान असतील तर शेजारच्या खोलीत मंडळीतल्या मुली त्यांना सांभाळतात. त्यामुळे तरुण आया येऊ शकल्या, याबद्दल आयोजकांचे मनापासून आभार.

कोणी जावं? संजीवन सभांना जाणारे पण नंतर रिकामं वाटणारे, त्यांनी नक्की. तरुण संघ चालवणाऱ्यांनी तर अवश्य. नागपूरच्या इतिहासात रस असलेल्या कोणीही, धर्म कोणताही असो. तयार प्रवचनं हवी असलेल्यांना मात्र इथे फार काही मिळणार नाही, कारण बाई आणि पाळकसाहेब प्रत्येक गोष्टीला तारीख आणि पुरावा मागतात.

अभिप्रायाच्या कागदावर मी नियोगी अहवाल आणि बायबल बाया या दोन्हींसाठी एकेक संध्याकाळ मागितली होती. परवा पाळकसाहेब भेटले तेव्हा म्हणाले, दिवाळीनंतरच्या तुकडीत दोन्ही घेतोय. अहवालाच्या संध्याकाळी बँकवाल्या काकांनाच प्रश्न मांडायला सांगितलंय. बायबल बायांसाठी ते घरोघरचे कागद गोळा करून राहिले आहेत. तुमच्या घरी आजीची वही, मिशनच्या पगाराची पावती, जुना गटफोटो असं काही असेल तर नाव नोंदवायला येताना घेऊन या. तिथल्या तिथे फोटो काढून मूळ कागद परत देतात.